शहर बस, ऑटो आणि एसटी: अमरावती-अकोल्यातील प्रवाशांनी कोणाचे दार ठोठावावे?

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन महापालिका शहरांत सार्वजनिक वाहतुकीविषयी वाचकांकडून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांत एक गोंधळ समान आढळतो. शहर बस आली नाही म्हणून तक्रार एसटीच्या आगारात नोंदवली जाते, ऑटोचालकाने जादा पैसे घेतले म्हणून अर्ज महापालिकेत दिला जातो आणि थांब्यावर निवारा नाही हे गाऱ्हाणे वाहतूक पोलिसांच्या कानावर घातले जाते. प्रत्येक कार्यालय ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर देते आणि पंचाईत अशी की ते उत्तर बहुतेक वेळा खरे असते. बस, परमिट, थांबा आणि रस्ता या चार गोष्टींचे धनी चार वेगवेगळे आहेत. त्यामुळे अर्ज लिहिण्यापूर्वी धनी ओळखणे हे आपले पहिले काम ठरते.

वाहन कोणाचे, परमिट कोणाचे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रवासी वाहनांचे दोन मुख्य प्रकार करतो. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर, प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेऊन चालणारे वाहन म्हणजे टप्पा वाहन. एसटी आणि शहर बस या वर्गात मोडतात. जे वाहन एका कराराने पूर्णपणे भाड्याने घेतले जाते आणि मध्येच प्रवासी चढवत-उतरवत जात नाही ते कंत्राटी वाहन होय. ऑटोरिक्षा आणि टॅक्सी या वर्गातील आहेत. दोन्ही प्रकारांचे परमिट प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देते. हे प्राधिकरण म्हणजे नेहमीचे आरटीओ कार्यालय नव्हे, तर परमिट, भाडे आणि थांब्यांविषयी निर्णय घेणारी समिती असून आरटीओ कार्यालय तिच्या निर्णयांची अंमलबजावणी करते. यावरून तक्रारींची वाटणी पुढीलप्रमाणे होते:

- शहर बसचा मार्ग, फेऱ्या, बसची अवस्था, वाहकाचे वर्तन आणि थांब्यावरील निवारा: महापालिका आयुक्त व शहर बस सांभाळणारा विभाग.
- ऑटो, काळी-पिवळी, ॲपे यांचे भाडे, नकार, जादा प्रवासी: परिवहन कार्यालय (अमरावतीत एमएच-२७, अकोल्यात एमएच-३० या नोंदणीचे).
- थांब्याच्या जागेवर उभी वाहने, चौकातील कोंडी: अमरावतीत पोलीस आयुक्तालयाची, अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतील शहर वाहतूक शाखा.
- एसटीच्या फेऱ्या, पास, सवलती: आगार व्यवस्थापक आणि त्यांच्या वर विभाग नियंत्रक.

थांब्याच्या बाबतीत थोडा अधिक खुलासा आवश्यक आहे. बस किंवा ऑटो कोठे थांबावेत हे ठरवण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ११७ मध्ये असून तो निर्णय स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून घ्यावा लागतो. म्हणून राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी चौकात थांबा हलवण्याची मागणी असेल, तर एकच अर्ज महापालिका, परिवहन कार्यालय आणि वाहतूक शाखा या तिघांना उद्देशून करावा आणि तिन्ही ठिकाणची पोच घ्यावी. एकालाच अर्ज दिल्यास तो दुसऱ्याच्या अभिप्रायासाठी पडून राहतो.

महापालिकेने बस चालवलीच पाहिजे, असे कायदा म्हणतो काय?

म्हणत नाही, आणि ही गोष्ट सुरुवातीलाच समजून घेतली तर बराच मनस्ताप वाचतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पाणी, गटारे, दिवाबत्ती, रस्ते ही कलम ६३ खालील बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर प्रवासी वाहतुकीची सोय कलम ६६ मधील ऐच्छिक कर्तव्यांत मोडते; म्हणजे महापालिका ती करू शकते, न केल्यास मात्र नळ कोरडा राहिल्याइतका सरळ दोष तिच्यावर येत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती महापालिकेला आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या अकोला महापालिकेला मुंबईच्या बेस्टसारखा जुना, स्वतःचा मोठा परिवहन उपक्रम लाभलेला नाही. अशा शहरांत बस चालते ती ठेकेदाराशी झालेल्या करारावर, आणि करार बिनसला की बस बंद पडते.

परंतु सेवा ऐच्छिक असली तरी एकदा करार झाला की त्यातील अटी ऐच्छिक राहत नाहीत. किती बस, कोणत्या मार्गावर, किती वाजेपर्यंत, फेरी चुकल्यास ठेकेदाराला किती दंड, हे सर्व तेथे लिहिलेले असते. ‘आमच्याकडे बस द्या’ या विनंतीपेक्षा ‘करारातील अमुक अटीप्रमाणे अमुक फेरी का झाली नाही’ या प्रश्नाला उत्तर देणे कार्यालयाला भाग पडते. म्हणून करार हाती घेणे ही पुढची पायरी आहे.

करार कोणत्या जातीचा आहे, ते पाहावे

शहर बसचे करार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात तिकिटाचे सगळे उत्पन्न ठेकेदाराचे आणि तो महापालिकेला ठरलेली रक्कम, म्हणजे रॉयल्टी, भरतो. महापालिकेला यात पदरचे काही घालावे लागत नाही, पण ठेकेदाराचे लक्ष भरलेल्या मार्गाकडेच राहते. दुपारची रिकामी फेरी, रात्री नऊनंतरची फेरी आणि नव्या वस्तीचा मार्ग हे तिन्ही आधी गळतात. दुसऱ्या प्रकारात ठेकेदाराला प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो आणि तिकिटाचे उत्पन्न महापालिकेकडे जमा होते. यात बस रिकामी धावली तरी ठेकेदाराचे बिघडत नाही, मात्र येणारी तूट महापालिकेच्या तिजोरीवर पडते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर केलेली पीएम ई-बस सेवा ही योजना दुसऱ्या प्रकारच्या करारावर आधारलेली आहे. देशभरात १०,००० विद्युत बस देण्याच्या या योजनेत महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला या दोहोंचा समावेश आहे. केंद्र सरकार बसच्या लांबीनुसार प्रतिकिलोमीटर साहाय्य देते: १२ मीटरच्या बसला २४ रुपये, ९ मीटरच्या बसला २२ रुपये आणि ७ मीटरच्या बसला २० रुपये. ठेकेदाराचा दर आणि हे साहाय्य यांतील फरक तिकिटातून व महापालिकेच्या निधीतून भरून काढायचा असतो. ‘बस केंद्राने फुकट दिली’ असा जो समज पसरलेला दिसतो तो म्हणूनच चुकीचा आहे; महापालिकेच्या अर्थसंकल्पात या फरकासाठी तरतूद आहे की नाही, हा प्रश्न बस किती आल्या या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. अर्थसंकल्प सादर होण्यापूर्वीच तो आपल्या नगरसेवकास विचारावा, नंतर विचारून उपयोग नाही.

मागणी काय करावी: आधी फेऱ्या, मग मार्ग

नागरिकांच्या निवेदनांत सर्वाधिक आढळणारी मागणी म्हणजे ‘आमच्या कॉलनीपर्यंत बस सुरू करावी’. ही मागणी स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा तीच शहर बसच्या मुळावर येते. यामागचे गणित साधे आहे. एखाद्या मार्गावर जाऊन-येऊन, दोन्ही टोकांच्या विश्रांतीसह, एका बसला दोन तास म्हणजे १२० मिनिटे लागत असतील, तर त्या मार्गावर ८ बस ठेवल्यास दर १५ मिनिटांनी बस मिळते आणि २ बस ठेवल्यास दर तासाला एक. समजा शहराकडे चालू स्थितीतील २४ बस आहेत. त्या तीन मार्गांवर लावल्या तर तिन्ही मार्गांवर पाव तासाने बस येईल; बारा वस्त्यांना खूश करण्यासाठी बारा मार्गांवर वाटल्या तर प्रत्येक मार्गावर तासाभराने येईल. पाच किलोमीटर जाण्यासाठी तासभर कोणी थांबत नाही. तो दुचाकी काढतो, बस रिकामी धावते आणि वर्षभराने ‘प्रतिसाद नाही’ या शेऱ्यासह मार्ग बंद होतो.

बसची संख्या किती अपुरी आहे हे समजण्यासाठी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी ठरवलेला सेवा-निकष उपयोगी पडतो. दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असल्यास सेवा पहिल्या दर्जाची आणि ०.२ पेक्षा कमी असल्यास शेवटच्या, चौथ्या दर्जाची मानली जाते. २०११ च्या जनगणनेतील सुमारे साडेसहा लाख लोकसंख्या धरली तरी अमरावतीला पहिल्या दर्जासाठी ३९० च्या आसपास आणि चौथ्या दर्जातून बाहेर पडण्यासाठीच १३० बस हव्यात. सव्वाचार लाखांच्या अकोल्यासाठी हे आकडे अनुक्रमे २५५ आणि ८५ होतात, आणि अकोल्याची हद्द त्यानंतर वाढलेली आहे. इतक्या बस नजीकच्या काळात येणे शक्य नसल्याने असलेल्या बस कोठे लावायच्या हाच खरा निर्णय उरतो.

तो निर्णय दोन्ही शहरांच्या रचनेने पुष्कळसा सोपा केलेला आहे. अमरावतीत बडनेरा, राजापेठ, राजकमल, इर्विन चौक, पंचवटी हा एक लांब अक्ष आहे. हावडा-मुंबई मार्गावरील बहुतेक गाड्या बडनेऱ्यालाच थांबतात, त्यामुळे शहर आणि स्थानक यांच्यातील दुवा हा या मार्गाचा प्राण आहे. अकोल्यात मोर्णा नदीने जुने शहर आणि नवे शहर वेगळे केले असून डाबकी रोड, जुने शहर, गांधी चौक, बसस्थानक आणि तेथून कृषी विद्यापीठाच्या दिशेचा मूर्तिजापूर रस्ता हा प्रवाशांचा मुख्य ओघ आहे. आपली वस्ती अशा अक्षापासून एक-दोन किलोमीटरवर असेल तर वस्तीपर्यंत बस मागण्याऐवजी अक्षावर पंधरा मिनिटांनी बस आणि अक्षापर्यंत शेअर ऑटोचा मंजूर मार्ग मागावा. वस्ती त्याहून दूर असेल, रुग्णालय किंवा महाविद्यालय वाटेत असेल, तर स्वतंत्र मार्गाची मागणी रास्त आहे.

निवेदनाला मोजणी जोडावी

शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा एका पानाची मोजणी अधिक काम करते. तिच्यासाठी यंत्र लागत नाही. वही आणि घड्याळ पुरते.

1. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार निवडावा. सण, परीक्षा व बाजाराचा दिवस टाळावा.
2. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत थांब्यावर आलेल्या प्रत्येक बसची वेळ, क्रमांक आणि फलकावरील ठिकाण लिहावे.
3. दर पंधरा मिनिटांनी थांब्यावर उभे असलेले लोक मोजावेत, तसेच त्याच वेळेत तेथून भरून गेलेले शेअर ऑटो मोजावेत.
4. शेअर ऑटोचा प्रतिसीट दर लिहावा.

यातील तिसरा व चौथा मुद्दा सहसा राहून जातो. इर्विन चौकात सकाळच्या वेळी दर पाच मिनिटांनी एक शेअर ऑटो भरून जात असेल, तर प्रवासी नाहीत असे कोणालाही म्हणता येत नाही. प्रवासी आहेत, पैसेही देत आहेत, फक्त बसची वाट पाहणे त्यांनी सोडले आहे, हे त्या आकड्यांवरून कागदावर येते.

माहिती अधिकाराचा अर्ज: काय मागावे

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांच्या शुल्कासह महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. ‘बस बंद का आहे’ असा प्रश्न विचारू नये, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी पुढील अभिलेखांच्या प्रती मागाव्यात:

- शहर बस चालवण्याचा करार, मार्गांची यादी व वेळापत्रक यांच्यासह;
- मागील तीन महिन्यांत प्रत्येक मार्गावर ठरलेल्या फेऱ्या आणि झालेल्या फेऱ्या;
- चुकलेल्या फेऱ्यांबद्दल ठेकेदाराकडून वसूल केलेला दंड, किंवा न केल्यास त्याविषयीची टिपणी.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. आयोगाचे खंडपीठ अमरावतीत असल्याने अकोल्याच्या अर्जदारालाही मुंबई गाठावी लागत नाही.

कागद हाती आल्यावर मोजणी आणि करार यांतील तफावत दाखवणारा अर्ज आयुक्तांना द्यावा. दाद न मिळाल्यास महापालिकेच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनात, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो, प्रकरण न्यावे. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. ऐनवेळी निवेदन घेऊन गेलेल्यांना हात हलवत परतावे लागते.

ऑटो, शेअर ऑटो आणि ई-रिक्षा

मीटरप्रमाणे भाडे घेण्याची सवय या दोन शहरांत फारशी रुजलेली नाही. तरीही भाडे प्राधिकरणाने ठरवलेले असते आणि मंजूर दरपत्रक पाहण्याचा प्रवाशाला हक्क आहे. बडनेरा किंवा अकोला स्थानकावर रात्री उतरणाऱ्यांनी बसण्यापूर्वी पूर्ण भाडे ठरवून घेणे व्यवहाराचे असले, तरी ठरवलेले भाडे मंजूर दराहून जास्त असल्यास तक्रारीचा हक्क त्यामुळे जात नाही. परमिटधारक ऑटोचालकाने प्रवासी नेण्यास कायद्याविरुद्ध नकार देणे हा कलम १७८ खाली अपराध आहे. तक्रारीत वाहन क्रमांक, दिनांक, वेळ, कोठून कोठे आणि मागितलेली रक्कम एवढ्या पाच गोष्टी हव्यात. निनावी तक्रारीवर कारवाई होत नाही.

शेअर ऑटो हा वर सांगितलेल्या दोन वर्गांच्या मधला प्रकार आहे. ऑटोला कंत्राटी वाहनाचे परमिट असते, पण प्रतिसीट भाडे घेऊन तो टप्पा वाहनासारखा चालतो. प्राधिकरणाने शेअर मार्ग आणि दर मंजूर केलेले असतील तर तो वैध, नसतील तर अवैध. ‘शेअर ऑटो बंद करा’ अशी मागणी काही संघटना करतात. पर्यायी बस नसताना तसे करणे म्हणजे विद्यार्थी, मोलकरणी आणि बाजारकरू यांचे पाय बांधणे होय. मार्ग मंजूर करून, दर लिहून, प्रवासीसंख्या बांधून त्यांना वैध करणे अधिक शहाणपणाचे आहे.

ई-रिक्षाला केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेमुळे परमिटची अट नाही. नोंदणी, चालकाचे लायसन्स व विमा मात्र आवश्यक असून चालकाखेरीज चारच प्रवासी बसवता येतात आणि वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे. परमिट रद्द करण्याचा धाक येथे नसल्याने मुले रोज ई-रिक्षाने शाळेत जात असतील तर पालकांनी नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे स्वतः पाहावीत. विमा नसलेल्या वाहनाला अपघात झाल्यास भरपाईचा आदेश मिळाला तरी ती वसूल करणे कठीण जाते.

एसटीची सवलत शहर बसमध्ये मागू नये

एसटीत २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास आहे. ६५ ते ७५ वयोगटासही निम्मे भाडे आहे. या सवलती एसटी महामंडळाच्या असून महापालिकेच्या शहर बसला त्या आपोआप लागू होत नाहीत. वाहकाशी होणारे अनेक वाद येथूनच सुरू होतात. शहर बसमध्ये सवलत हवी असल्यास ती महापालिकेच्या ठरावाने यावी लागते आणि त्यासाठीची मागणी वाहकाकडे नव्हे, आयुक्तांकडे करावी.

रोज तालुक्याच्या गावाहून येणाऱ्यांसाठी एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो. अमरावती-अकोला ये-जा करणाऱ्यांना रेल्वेचे मासिक सीझन तिकीट स्वस्त पडते. मात्र ते आरक्षित डब्यात चालत नाही आणि सुपरफास्ट गाडीसाठी अधिभार भरलेला असावा लागतो. अकोट परिसरातील प्रवाशांना नोव्हेंबर २०२२ पासून अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडीचा पर्याय आहे. या दोन शहरांमधील राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. बडनेऱ्याहून घरी पोचण्याचा शेवटचा टप्पा मात्र त्यामुळे एका मिनिटानेही कमी झालेला नाही.

पैसे भरणारा प्रवासी हा ग्राहक असतो

तिकीट काढून प्रवास करणारी व्यक्ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या अर्थाने ग्राहक आहे, मग बस एसटीची असो वा ठेकेदाराची. आरक्षण असूनही जागा न देणे, बस मध्येच सोडून देणे, पासधारकास उतरवणे अशा सेवेतील त्रुटींसाठी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर नोंद करावी आणि न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जावे. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही. दिव्यांग प्रवाशांना याखेरीज दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा आधार आहे. नव्या बस व थांबे घेतानाच चढ-उताराची सोय मागावी, कारण थांबा बांधून झाल्यावर उतार बसवणे महापालिकेला महाग पडते आणि मग ते काम पुढच्या वर्षावर जाते.

या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: तिकीट आहे काय? शहर बसचा तो कागदाचा लहानसा तुकडा उतरताच टाकून दिला जातो, आणि तारीख, वेळ व मार्ग दाखवणारा एकमेव पुरावा त्याबरोबर जातो. तक्रार करण्याचा विचार असेल तर तिकिटाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे आणि मूळ तिकीट निकाल लागेपर्यंत जपावे.